पोळ्याच्या दिवशीचं पाणी

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. नातवंडांना याचा फार आधार वाटतो. मला कळू नये असं काही असलं की ती माझ्या डाव्या बाजूला बसून कुजबुजतात, आणि उजवा कान ते ऐकून मोकळा झाला की तोंडघशी पडतात. नवी माणसं विचारतात, वयामुळं गेला का? मी हो म्हणून मोकळी होते. खरं तर विशी पुरी व्हायच्या आत हा कान गेला, आणि तो किसनराव पाटलांच्या पंजानं गेला. ते गृहस्थ आता हयात नाहीत. माझा त्यांच्यावरचा राग हयात आहे आणि तो मी लपवून ठेवत नाही. या वयात सगळ्यांना माफ करून टाकावं, मन हलकं होतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे दोन्ही कान शाबूत असतात.

आमचं गाव देऊळगाव राजाहून जालन्याकडं जाणाऱ्या सडकेला लागून. सडकेच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला आमची वस्ती. बाबा सडकेच्या गँगवर होते. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी घरी येऊन, दिवसभर जे बोलता आलं नाही ते मोठ्यानं बोलायचं, अशी त्यांची रीत होती. आई दाई होती. गावातल्या झाडून सगळ्या घरांतली बाळंतपणं तिच्या हातची. तिला बोलवायला येणारा माणूस वस्तीत पाऊल टाकत नसे, सडकेच्या पलीकडून हाक मारी, "भागाई, चाल वं लवकर." आई हातातली भाकर तव्यावर तशीच सोडून निघे आणि ती उलटायचं काम माझ्याकडं येई. माझ्या लहानपणाचा वास विचाराल तर तो करपलेल्या ज्वारीच्या भाकरीचा आहे. त्या भाकरीबरोबर अंबाडीची भाजी, नाहीतर पाट्यावर वाटलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि भाकर नसली तर कण्या. आई परत यायची तेव्हा तिच्या ओटीत पसाभर ज्वारी असायची आणि कधीकधी वरून टाकलेल्या शिळ्या पोळ्या. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षापासून बाबांनी त्या पोळ्या घरात यायच्या बंद केल्या. एकदा आईनं चोरून आणलेली पुरणाची पोळी त्यांनी ताटासकट अंगणात भिरकावली. आईनं तेच ताट उचलून त्यांच्या पाठीत घातलं. मग आम्ही भावंडांनी अंगणातून वेचून ती पोळी खाल्ली, माती झटकून, आणि तिघांनीही मार खाल्ला. आमच्या घरात माया पुष्कळ होती, पण ती हातानं बोलायची.

आई एक गोष्ट फार रंगवून सांगायची. वरल्या आळीच्या किसनराव पाटलांचा थोरला, गजानन, जन्मला त्या दिवसाची. दिवस उन्हाळ्याचे, पोर पायाळू, आणि किसनरावांची बायको गोदाबाई पहिलटकरीण. बाळंतिणीच्या खोलीला खिडकी नव्हती, वर शेगडी पेटवलेली. सकाळपासून आई त्या खोलीत घामानं निथळत होती. जीभ टाळूला चिकटली तेव्हा तिनं पाणी मागितलं. गोदाबाईची सासू उंबऱ्याबाहेर बसलेली. म्हणाली, पोर मोकळं होऊ दे, मग पाहू. आईनं दुपारी मागितलं, उन्हं कलल्यावर मागितलं. पोर पायाकडून बाहेर आलं, रडेना, आईनं त्याला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या, तोंडातला चिकटा आपल्या बोटानं काढला, तेव्हा ते रडलं. घरात साखर वाटली गेली. आईला गोठ्याजवळ बसवून सासूनं वरून तांब्यानं धार धरली आणि आई ओंजळीनं प्यायली. सासू हात किती उंच धरून उभी होती, धार कशी निम्मी नाकात गेली, याची आई नक्कल करायची आणि वस्तीतल्या बायका पोट धरून हसायच्या. ती हसायची म्हणून मला जास्त राग यायचा. पाटलाच्या घरचं पोर जगवायला हात चालतात आणि पाणी प्यायला तेच हात चालत नाहीत, हे मला लहानपणीही समजत नव्हतं आणि आता समजतं तेव्हा त्याहून जास्त चीड येते.

मी बुलढाण्याला जाऊन नर्सिंगचं शिक्षण घेतलं ते बहुतेक या चिडीपोटीच. तिथं आमच्या मेट्रनबाई फार करड्या होत्या. वॉर्डात शिरल्यावर सगळ्यात आधी कोणाकडं जायचं, असं त्या नव्या मुलींना विचारत. आम्ही म्हणायचो, जो जास्त ओरडतो त्याच्याकडं. त्या म्हणत, ओरडायला अंगात बळ लागतं. ज्याचा आवाज येत नाही त्याच्याकडं आधी जा. हे वाक्य कळायला सोपं आहे. आचरणात आणताना मात्र ओरडणाऱ्याचे नातेवाईक मध्ये उभे असतात, हे मला माझ्याच गावात कळलं. आमच्या सरकारी दवाखान्यात माझी नेमणूक झाली, कारण दुसरी कोणी यायला तयार नव्हती. डॉक्टर जाऊन येऊन असत. उरलेला वेळ मी आणि कंपाउंडर मधुकरराव. पडले म्हणून सांगणाऱ्या आणि पाठीवर चाबकाचे वळ घेऊन येणाऱ्या बाया, चुलीत हात गेलेली लेकरं, अंथरुणाला खिळून पाठ सडलेली म्हातारी माणसं, सगळी आमच्याकडं यायची. लेकरू रडत असलं की मला हायसं वाटे. म्हातारं माणूस "काही नाही बाई, बरा आहे" म्हणालं की मी त्याची नाडी धरून बसे. आणि बाई पडले म्हणाली की मी आधी तिच्या नवऱ्याला बाहेर घालवत असे. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, ते माझ्या रागानं शिकवलं.

दवाखान्याच्या ओसरीवर एक माठ होता. मधुकरराव आमच्या वस्तीतल्या रोग्यांना त्यातलं पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं वरून ओतून देत. कामावर रुजू झाले त्या दिवशी मी त्या माठात पेला बुडवून पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी तिथं नवा माठ आला. मी त्यातही पेला बुडवला. मग आणखी एक आला. शेवटी कुंभारवाडा काही आपल्या पगारात यायचा नाही हे मधुकररावांच्या लक्षात आलं आणि ते घरून बाटली आणू लागले. तो माठ मग माझाच झाला. मी रोज तो घासायची, ताजं पाणी भरायची. नोकरीतली माझी पहिली जीत तीच, म्हणून त्या माठावर माझा फार जीव होता.

आता पोळ्याचं सांगते. आमच्या गावात तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची यावरून वरल्या आणि खालल्या आळीच्या पाटलांत जुना वाद होता. दोन्ही एकाच रक्ताचे, आजोबा एक. मान एक वर्ष यांचा, एक वर्ष त्यांचा अशी तोड निघालेली होती, पण मधल्या एका वर्षी गावात पटकी आली आणि पोळा भरलाच नाही. ते वर्ष कोणाच्या खात्यात धरायचं यावर दोन्ही घरांचं काही जमेना. बैलांची शिंगं रंगवून झाली, झुली चढल्या, आणि तोरणाशी दोन्ही जोड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. आमच्या वस्तीनं धर्मांतरानंतर पोळा सोडला होता, तोरण बांधायचं कामही सोडलं होतं. पण धाकट्या भावंडांचं तोंड पडू नये म्हणून आई त्या दिवशी गुळाच्या पुऱ्या तळायची. मी तिच्याशेजारी बसून पुऱ्या लाटत होते. सडकेपलीकडून डफडं ऐकू येत होतं, झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता. मग डफडं मध्येच थांबलं. आईनं झारा कढईतच धरून ठेवला. पाठोपाठ जो आवाज आला तो मी दोन्ही कानांनी ऐकलेला शेवटचा मोठा आवाज, म्हणून तो मला नीट आठवतो. काठ्या काठ्यांवर आपटत होत्या आणि बैल हंबरत होते. सणामुळं डॉक्टर नव्हते आणि मधुकररावही नव्हते; मी हात न धुताच दवाखान्याकडं पळाले. मागून आई येत होती, चुलीवरची कढई उतरवून.

सगळ्यात आधी आणलं ते खालल्या आळीच्या तुकाराम पाटलांना. सत्तरीचे गृहस्थ, डोकं काठीनं फुटलेलं, चेहरा, मिशा, सदरा सगळं रक्तानं माखलेलं. त्यांच्या मुलांच्या हातात कुऱ्हाडी होत्या. म्हातारबा इतक्या जोरात ओरडत होते की मला पाहताक्षणी कळलं, यांना काही होत नाही. डोक्याची कातडी फुटली की रक्त फार वाहतं, पण माणूस शुद्धीत असेल, शिव्या नीट देत असेल, तर दाबून धरलं की थांबतं. मी घडी केलेलं फडकं त्यांच्या डोक्यावर ठेवलं, त्यांचाच हात त्यावर ठेवला आणि सांगितलं, दाबून धरा, सोडू नका. मुलं माझ्या अंगावर आली. आमच्या बापाला टाके घालायचे सोडून तू चालली कुठं, म्हणून एकानं माझा दंड धरला. तेवढ्यात एक लहान मुलगी आणली, बैलाच्या पायाखाली हात सापडलेली. ती जिवाच्या आकांतानं किंचाळत होती. हात मोडला होता, पण बोटं गुलाबी होती आणि हलत होती. माझ्या आईला मी तिच्यापाशी बसवलं. आणि मग वरल्या आळीचे लोक दाराच्या फळीवर गजाननला घेऊन आले. तो अजिबात ओरडत नव्हता.

त्याला कुऱ्हाड लागली नव्हती. लाठ्या चालल्यावर त्यांच्याच घरचा बैल बिथरला होता आणि सणासाठी पितळी शेंबी चढवलेलं शिंग गजाननच्या पोटात गेलं होतं. बेंबीच्या बाजूला पोट फाटून आतडं बाहेर आलं होतं. कोणीतरी त्यावर मूठभर हळद घातली होती आणि एक चुलता आपल्या पागोट्यानं ते आत ढकलायला पाहत होता. मी त्याचा हात हिसडून काढला. आतडं आत ढकलायचं नसतं. मीठ घालून उकळलेलं पाणी जखमा धुवायला दवाखान्यात नेहमी झाकून ठेवलेलं असे. त्यात स्वच्छ फडकी भिजवून मी आतड्यावर ठेवली, वरून कोरडं कापड गुंडाळलं, त्याचे गुडघे दुमडून खाली चादरीची वळकटी दिली. नाडी बारीक आणि जलद होती, हात गार, कपाळावर घाम. गजानन माझ्याहून थोडा मोठा. शाळेत तो पुढं बसायचा, मी दाराशी. तोंड ओळखीचं, बोलणं कधी झालेलं नाही. तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी जे बोलला ते असं: "पाणी दे ना वं."

मी नाही म्हटलं. आतडं फाटलेलं असलं तर पोटात गेलेला प्रत्येक घोट आत पसरतो आणि त्याबरोबर विष पसरतं; शिवाय जालन्याला नेऊन पोट उघडायचं तर ते रिकामं हवं. हे मी आज चार ओळींत सांगते. त्या वेळी खोलीत रक्ताळलेली वीस-पंचवीस माणसं होती आणि त्यांतला एकही चार ओळी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की पाटलाचा पोरगा शेवटचं पाणी मागतोय, आणि शेवटचं पाणी तोंडात पडलं नाही तर जीव अडकून राहतो. आणि ते नाही म्हणणारी कोण, तर सडकेपलीकडची. गजानन पुन्हा म्हणाला, एक घोट दे. त्याच्या ओठांवर पांढरं साचलं होतं. मी कापूस ओला करून त्याचे ओठ पुसले आणि तो ते चोखू लागला तसा मी कापूस काढून घेतला. तेव्हा खोलीत कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, पाहा, दाखवून काढून घेते.

किसनराव स्वतः माठावर गेले, तांब्या भरला, कोणीतरी तुळशीचं पान आणून त्यात टाकलं, आणि ते गजाननच्या उशाशी आले. त्यांचं धोतर फाटलेलं, मनगटातून रक्त ठिबकत होतं. मला म्हणाले, "पोरगं पाणी मागून राह्यलं अन तू मना करतेस? तुह्या घरचं पाणी हाय काय ते?" मी म्हटलं, पाजलं तर मरेल. त्यांनी ऐकलंच नाही. तांब्या त्याच्या तोंडाशी गेला तसा मी तो हातानं उडवला. तांब्या भिंतीवर जाऊन आपटला. मग डाव्या बाजूनं काहीतरी आलं. ते काय आहे हे मला समजलं नाही. मी औषधांच्या कपाटावर पडले, काच फुटली, आणि उठून बसले तेव्हा माणसांची तोंडं हलत होती पण आवाज एकाच अंगानं येत होता. कानातून ऊन काहीतरी मानेवर ओघळलं. मी ते पुसलं आणि उठून परत टेबलाशी गेले. मी धीट होते म्हणून नव्हे. मला इतका राग आला होता की त्या क्षणी गजानन जगला नसता तर मी त्याला मारलं असतं. तो जगायलाच हवा होता. तो मेला तर किसनराव खरे ठरणार होते, आणि ते मी होऊ देणार नव्हते. रुग्णसेवा प्रेमानं करतात असं भाषणात म्हणतात. मी त्या दिवशी ती रागानं केली, आणि चांगली केली.

ओसरीवर दोन्ही आळ्या पुन्हा भिडल्या. तुकाराम पाटलांच्या मुलाची कुऱ्हाड दाराच्या चौकटीत रुतली, तिची खूण पुढं कित्येक वर्षं होती. किसनराव दुसऱ्यांदा हात उगारून आले. तेवढ्यात गर्दीतून गोदाबाई आत आल्या. पदर खाली आलेला, हिरव्या बांगड्यांपैकी निम्म्या फुटलेल्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. कोपऱ्यात त्या मुलीचा हात धरून बसलेल्या माझ्या आईपुढं त्या मटकन बसल्या.

"भागाई, तुह्या पोरीले सांग," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू पाणी मागत होती, मी ऐकत होती, अन गप राह्यली. त्याचा सूड माह्यावर काढा. पोरावर नका काढू."

म्हणजे बाईला आठवत होतं. इतकी वर्षं आमच्या वस्तीत ज्यावर हसणं चालायचं, ते त्या घरातही कोणीतरी मनात धरून ठेवलं होतं. आणि मी नियमानं जे करत होते त्याचा सगळ्या गावानं केव्हाच सूड असा अर्थ लावून टाकला होता. मला रडू फुटलं. सूडच घ्यायचा असता तर मी त्याला तांब्याभर पाणी पाजलं असतं आणि बाजूला झाले असते. सगळ्यांनी वर माझे पाय धरले असते. पण हे सांगायचं कोणाला. आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं की तिलाही त्याला पाणी द्यावंसं वाटतं आहे. ज्याच्या तोंडातला पहिला चिकटा तिनं बोटानं काढला होता तो पाणी मागत होता, आणि तहान म्हणजे काय हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, दे ना बाई एक घोट, एका घोटानं काय होते.

"आई, त्याचं आतडं फाटलं असन," मी म्हटलं. "पाणी पोटात पसरन अन तो मरन. तुले त्याले पाजायचं हाय का वाचवायचं हाय?"

आई उठली. मुलीचा मोडका हात तिनं सावकाश त्या मुलीच्याच मांडीवर ठेवला. मग ती ओसरीवर गेली. लाठ्या घेऊन उभे असलेले लोक तिला वाट देते झाले, कारण त्यांतल्या बहुतेकांना तिनंच या जगात आणलं होतं. तिनं माझा तो माठ दोन्ही हातांनी उचलला आणि ओसरीच्या पायरीवर आपटला. भरलेला माठ फुटतो तेव्हा मोठा आवाज होतो. पाणी सगळ्यांच्या पायांखालून अंगणात गेलं, तिथल्या रक्तात मिसळलं. आई ओल्या लुगड्यानिशी परत आत आली आणि गोदाबाईंसमोर उभी राहिली.

"गोदाबाई, तुमचा हा पोरगा भायेर येऊन राह्यला होता तवा मी बी दिवसभर तहानेली होती," ती म्हणाली. "मेली नाही. हा बी मरत नाही."

त्यानंतर कोणी पाण्याचं नाव काढलं नाही. माझ्यावर विश्वास बसला म्हणून नव्हे, तर पाणी आणायचं म्हणजे विहिरीवर जायला हवं होतं, आणि विहिरीच्या वाटेवर खालली आळी उभी होती. तेवढ्यात जालन्याची एसटी सडकेवर आली. ड्रायव्हर करीमचाचा. त्यांनी गर्दी पाहिली, काही न विचारता सगळे प्रवासी उतरवले आणि गाडी दवाखान्याच्या दाराशी लावली. वाटेत सडक फुटलेली, बाबांच्या गँगनं टाकलेली खडी अजून दबलेली नव्हती. प्रत्येक धक्क्याला गजानन डोळे मिटी आणि उघडले की पाणी मागे. मी ओठ ओले करी. गोदाबाई पायाशी बसून माझ्या हातातल्या कापसाकडं बघत राहिल्या. वाटभर त्या मला हलक्या आवाजात शिव्या देत होत्या. त्या माझ्या डाव्या हाताला होत्या, म्हणून मला फारसं ऐकू आलं नाही.

जालन्याला त्याचं पोट उघडलं, आतडं दोन जागी फाटलेलं निघालं, शिवलं, आणि तो जगला. तिथल्या सर्जननी कोणी पाणी पाजलं का एवढं एकच विचारलं, आणि नाही म्हटल्यावर मान हलवून आत गेले. माझ्या कानाकडं त्यांचं लक्ष गेलं ते नंतर. पडदा फाटला होता आणि आत इजा होती. भरून येईल म्हणाले, पण आला नाही. पुढं पोलीस आले, दोन्ही आळ्यांनी एकमेकांची नावं दिली, माझ्या कानाचं नाव मात्र कोणीच घेतलं नाही. बाबा आपली खडीवरची पहार घेऊन वरल्या आळीत गेले आणि किसनरावांच्या दारासमोर उभं राहून दिवस मावळेपर्यंत त्यांना बाहेर बोलावत राहिले. आतून कडी होती. बाबा परत आले आणि न जेवता झोपले. एवढं अबोल मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गावात असं ठरलं की गजाननला देऊळगावच्या बालाजीनं वाचवलं. गोदाबाईंनी एसटीत नवस बोलला होता. बालाजीनं वाचवला असेल, माझं काही म्हणणं नाही. मात्र पाणी मी अडवलं होतं. नर्सनं मरत्या पोराला तहानेलं ठेवलं ही गोष्टही गावात तितक्याच आवडीनं सांगितली जाई, आणि दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून येत. गजाननचं लग्न झालं, बायकोला दिवस गेले, वेळ आली तेव्हा तो स्वतः सडकेपलीकडं येऊन उभा राहिला आणि त्यानं आईला नाही, मला हाक मारली. मी गेले. घरात शिरल्याबरोबर मी प्यायला पाणी मागितलं. गोदाबाई तांब्या घेऊन आल्या. माझ्या हातात त्यांनी तो दिला नाही, माझ्यासमोर खाली ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी उचलला, तोंड लावून सगळा प्यायले, आणि मगच बाळंतिणीच्या खोलीत गेले.

पुढं मी पुष्कळ ठिकाणी नोकरी केली, खेड्यांत केली, मोठ्या दवाखान्यात केली. कित्येकांना पाणी नाकारलं आणि दर वेळी डावा कान आपोआप दुसरीकडं वळवला. आई म्हातारपणी माझ्याकडं होती. रस्त्यानं जाताना ती नेहमी माझ्या उजव्या हाताला चालायची; चुकून डावीकडं आली तर वळसा घालून पलीकडं जायची. शेवटच्या आजारात तिचं गिळणं गेलं. डॉक्टर माझ्याच हाताखाली शिकाऊ म्हणून राहून गेलेले, भला मुलगा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सिस्टर, तोंडानं काही देऊ नका, ठसका लागून छातीत जाईल. त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या कोणाच्या आईबद्दल मीही तेच सांगितलं असतं. सकाळी उन्हं खिडकीत आली तेव्हा आईनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी तिची नाडी पाहिली, नखं पाहिली, पावलं हातात धरून पाहिली. आता जपून ठेवायचं असं तिथं काही राहिलं नव्हतं. मी तिला उशीला टेकून बसती केली, मान पुढं केली आणि चमच्यानं पाणी दिलं. निम्मं ओघळलं, निम्मं गेलं. तिनं माझा पदर ओढून माझा उजवा कान तोंडाशी घेतला.

"पाटलाच्या पोराले तर नाही देलं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "त्याले जगायचं होतं, आई."

तिनं मान हलवली आणि पुन्हा तोंड उघडलं.